कुत्र्यांचं बलुतं

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं. मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी नोकरी कवा केली जी?"

तिचं चुकलं असं म्हणवत नाही. कारंज्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी अकरा वर्षं काम केलं. पण मी तिथं नोकर होतो, कारागीर होतो की नुसताच येणारा-जाणारा, हे सुरुवातीला कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्या कुणात मीही आलो. काम मात्र अगदी स्पष्ट होतं. मॅनेजरसाहेबांच्या कुत्र्यांचे केस विंचरायचे, कापायचे, त्यांना धुवायचं, गोचिडं काढायची, नखं काढायची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं एक जागा अशी आहे की तिथं मला तरी हसू येत नाही.

मी इंझोरीचा, जातीनं न्हावी. चौथी पास झालो आणि शाळेची पाटी ठेवून वस्तरा हातात घेतला. आई लहानपणीच गेलेली, घरात बाबा आणि मी. गावात आमच्याकडं बावीस घरं होती. म्हणजे बावीस घरांच्या दाढ्या आणि डोकी आमच्या घराण्यानं करायची, आणि खळ्यावर रास पडली की त्या त्या घरानं आम्हाला ज्वारी मोजून द्यायची. यालाच बलुतं म्हणतात. रोख पैशाचं नाव नाही. मिसरूड फुटलेल्या गड्यामागं माप ठरलेलं, पोरासोरांची डोकी फुकट, आणि घरात लग्न निघालं की न्हाव्याचा मान वेगळा. हे इतकं खुलासेवार लिहितो, कारण माझा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

दुसऱ्या लढाईच्या आधीची चार-पाच वर्षं असतील. कापसाचा हंगाम होता. मी नवा वस्तरा घ्यायला कारंज्याला गेलो होतो. फॅक्टरीच्या फाटकाशी गर्दी दिसली म्हणून डोकावलो, तर साहेबांचा जिमी नावाचा लांब केसांचा, सोनेरी कुत्रा रुईच्या ढिगात लोळून आलेला. ओले केस आणि रुई चिकटून अंगभर नमदा, म्हणजे घोंगडीसारखा घट्ट थर, झालेला. साहेबांचा सईस रहीमचाचा घोड्याची आयाळ कापायची कात्री घेऊन उभा, आणि जिमी त्याला जवळ येऊ देत नव्हता. मला राहवलं नाही. धोकटीतलं गोडं तेल बोटांना लावलं, खाली बसलो आणि एकेक गाठ सोडवत गेलो. हजामत करताना आपण गिऱ्हाइकाशी बोलतो ना, तसा त्याच्याशी बोलत राहिलो. दुपार सरेपर्यंत नमदा निघाला. कातडीला ओरखडा नाही.

मॅनेजरसाहेब पारशी होते. कमरेवर हात ठेवून ते सगळं बघत होते. म्हणाले, "महीने पे आएगा कि नग पे?"

महिना म्हणजे पगार, नग म्हणजे दर कुत्र्याला दर वेळी इतके पैसे. मला हे दोन्ही शब्द हलके वाटले. महिन्यावर हमाल जातात, आणि नगावर आम्ही फक्त वाटसरूची दाढी करायचो. आपण वतनदार माणूस. छाती काढून सांगितलं, "सालावर, साहेब. गावात घेतो तसं."

"मतलब?"

"मोठ्या कुत्र्यामागं चार पायल्या ज्वारी. पिल्लं फुकट. अन् घरात लग्न निघालं तं माहा मान वेगळा."

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मंजूर!" म्हणाले. रहीमचाचानं कपाळावर हात मारला. साहेब आत गेल्यावर मला म्हणाला, "अरे बेवकूफ, साल में एक बार खाता है क्या तू?" मला वाटलं, मुसलमान माणूस आहे, याला बलुत्यातलं काय कळणार. खरं म्हणजे त्याला सगळं कळत होतं.

तर असं मी कुत्र्यांचं बलुतं धरलं. जिमी, कॅप्टन आणि लुलू, तीन मोठी जनावरं. आठवड्यातून दोनदा इंझोरीहून चालत जायचं आणि परत यायचं. पुढं लुलूसाठी अकोल्याहून एका बॅरिस्टराचा कुत्रा आणला, तेव्हा मी बंगल्याच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, काय? मी म्हटलं, लग्नाचा मान. साहेबांच्या बाई कपाटातून जरीकाठी फेटा घेऊन आल्या आणि माझ्या हातात ठेवला. तो बांधून मी गावात आलो. बाबांनी विचारलं, "कोनाचं लगन होतं?" मी म्हटलं, साहेबाच्या घरचं. नवरी कोण ते सांगितलं नाही.

मग लुलूला सात पिल्लं झाली आणि ती माझ्याच शब्दानं फुकट. सात पिल्लांचे अठ्ठावीस पाय. नखं काढता काढता पाठ मोडायची वेळ आली. मी साहेबांकडं तक्रार नेली. गावात मिसरूड फुटलं की पोरगा मोठा धरतात, आणि यांना तर जन्मतःच मिशा आहेत. साहेबांनी एक पिल्लू उचलून उजेडात धरलं, मिशा नीट पाहिल्या आणि म्हणाले, "दाढी नहीं है. दाढी आएगी तब बोल." मी हरलो.

आता थोडं कामाविषयी. बाहेरच्या माणसाला वाटतं, कुत्रं धुवायचं म्हणजे बादली ओतायची. आधी पाणी ओतलं की गाठी आवळतात आणि मग कात्रीशिवाय इलाज राहत नाही. आधी विंचरायचं, मग धुवायचं. विंचरताना शेंड्याकडून मुळाकडं यायचं. गोचीड ओढायचं नाही. ओढलं तर तोंड कातडीत राहतं आणि गळू होतं. तंबाखूचं पाणी लावून ते सैल पडू द्यायचं, मग चिमट्यानं अलगद काढायचं. नखात शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढं एकेकदा कापायचं. रक्त आलंच तर न्हाव्याची तुरटी आहे. माणसाच्या आणि कुत्र्याच्या हजामतीत मला एवढाच फरक वाटला की कुत्रं सरकीचे भाव विचारत नाही.

मी दोन धोकट्या ठेवल्या होत्या, एक माणसांची, एक कुत्र्यांची. वस्तरे, कंगवे, नखं काढायची नराणी, सगळं वेगळं. माझी चूक एवढीच की दोन्ही धोकट्या एकाच चांभाराकडून एकाच चामड्याच्या शिवून घेतल्या होत्या.

आता ती न हसायची जागा आली. एका सोमवारी पाटलांच्या ओट्यावर त्यांची दाढी करायला बसलो. डावा गाल झाला. मिशी सारखी करावी म्हणून धोकटीत हात घालून कंगवा काढला. पाटलांनी माझा हात धरला. कंगव्याच्या दातात वीतभर लांब सोनेरी केस अडकलेले.

"हे कोनाचे केस हायेत बे?"

तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. पण दुसऱ्या हातात वस्तरा उघडा होता, आणि माणसाच्या गळ्याशी वस्तरा धरून खोटं बोलायचं नाही, असं बाबांनी शिकवलेलं. म्हटलं, "जिमीचे."

"जिमी कोन? किरिस्ताव हाय काय?"

"नाई जी. कुत्रा हाय."

पाटील उठले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. डावा गाल गुळगुळीत आणि उजव्या गालाला साबण, तसेच चावडीवर जाऊन बसले. बाबांना बोलावणं गेलं. बाबा वस्तरा घेऊनच धावत आले, तर पाटील म्हणाले, "आंधी निकाल होऊ दे. मंग गाल." उजव्या गालावरचा साबण वाळत होता. माणसं जमली होती आणि त्यातलं कुणीही हसलं नाही.

निकाल एका वाक्याचा होता. पाटील बाबांना म्हणाले, "तुह्या पोराचा हात आता मानसाच्या तोंडाले लागाचा नाई. लागला, तं बावीसच्या बावीस घरं तुह्या पुतन्याले."

मी म्हणालो, वस्तरा उकळून आणतो, नवा आणतो. कुणी ऐकलं नाही. मग बाबांनी वाटीत पाणी घेतलं आणि पाटलांचा उजवा गाल केला. हात जराही हलला नाही. काम होईपर्यंत त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "तू आता कारंज्यालेच राह्य. इथी येऊ नोको."

"चुकलं माह्यं, बाबा."

"चुकलं थे दिसलं सगळ्यायले. पन घरं बावीस हायेत अन् पोरगा एक. म्या काय कराव, सांग बरं?"

आजही पाटलांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही उठलो असतो. पण त्या दिवशी बाबांनी दाराशी माझ्या हातात भाकरी बांधून दिली आणि आत वळले, त्याचं वाईट मला वाटत राहिलं. माझ्या निष्काळजीपणामुळं म्हाताऱ्या माणसाला मुलगा आणि पोट यांतलं एक निवडावं लागलं होतं.

कारंज्याला रहीमचाचानं तबेल्यात खाट टाकू दिली. आणि तिथं पंधरा दिवसांत मला त्याच्या त्या प्रश्नाचा अर्थ कळला. माझी बारा पायल्या ज्वारी केव्हाच संपली होती, आणि पुढची रास पडायला आठ महिने होते. त्यातच हंगाम संपला. जिन बंद झालं, मजूर आपापल्या गावी, तांड्यांवर निघाले. पावसाळाभर फाटकाच्या आत कोण राहणार, याची यादी कचेरीतले मुख्य कारकून, हेडबाबू, करू लागले. यादीत नाव नाही त्यानं बाहेर पडायचं.

हेडबाबूंनी माझ्यासाठी लेखणी तीनदा उचलली आणि तीनदा ठेवली. "तुले कायच्यात लिहू? बंगल्याच्या नोकरात म्हनावं, तं पगार नाई. फॅक्टरीच्या मजुरात म्हनावं, तं हजरी नाई. ज्वारी घेतो तू! इथी ज्वारी फक्त घोडा खाते."

"मंग घोड्याच्या खाली लिहा," मी चिडून म्हणालो.

"लिहिलं असतं बावा. पन घोड्याले दाना रोज मिळते. तुह्यं सालाचं हाय."

मी साहेबांकडं गेलो आणि सांगितलं की सालाचं मोडा, मला महिन्यावर घ्या. साहेब या वेळी हसले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी मला नीट समजावलं. "महीने पे आया, तो तू मेरा आदमी. बुलाया कि आना. पानी भी भरना, जूते भी पोंछना. कुत्ता मर गया तो माली के हाथ के नीचे जाना, लेकिन पगार चालू. नग पे आया, तो तू अपना मालिक. काम नहीं तो पैसा नहीं, और मैं पूछूंगा भी नहीं कि तू कहाँ है. सोच के बोल."

इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दिवसभर विहिरीच्या काठावर बसून विचार केला. नोकरी धरावी तर पोट भरेल, पण हातातली कला बुटांच्या पॉलिशात जाईल. नगावर जावं तर मान राहील, पण तीन कुत्र्यांवर महिना निघणार नाही. रहीमचाचा घोड्याला पाणी पाजायला आला तेव्हा म्हणाला, "तू साहब का रास्ता मत चुन. तेरा जो है, वो बोल. ना बोलेंगे तो ना." साधी गोष्ट होती, पण गावात आमच्या अटी आजोबांच्या आजोबांनी ठरवलेल्या. आपल्या अटी आपण सांगायच्या असतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी साहेब अंगणात फिरत होते. मी पुढं होऊन सांगितलं, "साहेब, तीन कुत्र्यांचे महिन्याला बांधून रोख द्या. हत्यारं माही. हप्त्यातले दोन वार तुमचे, त्या दिवशी मी कुठी जानार नाई. बाकीचे वार माहे. कोनाचंही कुत्रं घेईन. पानी भरनार नाई, बूट पुसनार नाई. झोपाले जागा द्या."

"ये तो न नौकर हुआ, न कारीगर."

"अर्धा अर्धा, साहेब."

"और पिल्ले?"

"पिल्ले नग पर."

साहेबांनी हात पुढं केला. मी आधी धोतराला हात पुसला, मग त्यांच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या हाताशी हात मिळवत होतं, आणि तोही पाटलांनी बंदी घातलेला हात.

हेडबाबूंनी सकाळी यादी पुन्हा उघडली. इंजिनच्या मिस्त्रीलाही महिना बांधलेला, त्याची हत्यारंही त्याची, आणि तोही सुट्टीच्या दिवशी गावातली पिठाची गिरणी दुरुस्त करायचा. मग हेडबाबूंनी त्याच्या खालच्या ओळीत मला घातलं आणि शेजारी लिहिलं, 'केसमिस्त्री'. असा शब्द तोवर नव्हता. मी तो चारदा वाचला आणि शुद्धलेखन बरोबर आहे ना, ते पाहिलं.

बाकीच्या वारी गिऱ्हाइकं मिळत गेली. डॉक्टरांचं कुत्रं, स्टेशनमास्तरांचं, एका वकिलाचं. सगळ्यांत न्यारं गिऱ्हाईक म्हणजे कापसाच्या पेठेतले एक जैन शेठजी. त्यांच्या गोदामाच्या राखणीला एक केसाळ कुत्रा होता आणि तो गोचिडांनी भरला होता. शेठजी म्हणाले, गोचिडं काढ, पण एकही मरता कामा नये. मी म्हटलं, तंबाखूच्या पाण्यानं मरतील. म्हणाले, मग ते लावू नकोस. तेलाच्या बोटानं एकेक गोचीड सोडवायचं, झाकणाच्या डबीत घालायचं आणि गावाबाहेर नेऊन सोडायचं. मी दर दुप्पट सांगितला, आणि गावाबाहेर जाण्यायेण्याचा भत्ता वेगळा. शेठजींनी घासाघीस न करता कबूल केलं, वर पोहे खाऊ घातले. पहिली डबी घेऊन निघालो तेव्हा पाय आपोआप इंझोरीच्या वाटेला लागले होते. पाटलांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, आठवला. पण शेठजींच्या पोह्यांना जागलो आणि डबी पडीक जागेत बाभळीखाली रिकामी केली.

असे दोन हंगाम गेले. गावाकडून माणसं यायची, बाबा बरे आहेत म्हणायची. बाबा आले नाहीत. मी पैसे पाठवले तर ते जसेच्या तसे परत आले.

तिसऱ्या हंगामात, कापूस जोरात येत असताना, फॅक्टरीच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती. त्यात इंझोरीच्याही चार गाड्या होत्या. मी लिंबाखाली कॅप्टनचा पाय मांडीवर घेऊन नखं काढत होतो. काळी नखं, म्हणून मान वर करत नव्हतो. समोर कुणीतरी उकिडवं येऊन बसलं.

"अंगठा खाली घे," आवाज आला. "नराणी घसरन."

बाबा होते. गाडीवर बसून आले होते. गालांवर आठ-दहा दिवसांची पांढरी दाढी वाढलेली. मी अंगठा खाली घेतला. नख सुरेख निघालं.

"दुखते काय त्याले?"

"शिरेले लागलं तं दुखते. नाई तं नाई."

बाबांनी चारही पाय होईपर्यंत पाहिलं. मधे एकदा त्यांनी कॅप्टनच्या कानामागं बोट घालून बघितलं आणि "साफ हाय" म्हणाले. कॅप्टन उठून गेला. बाबा तिथंच बसून राहिले. मग हनुवटी पुढं करून म्हणाले, "माही दाढी कर."

दहा हातांवर इंझोरीचे गाडीवान विड्या ओढत आमच्याकडंच बघत होते. संध्याकाळी गाड्या परतल्या की चावडीवर सगळं कळणार होतं. मी हळूच म्हणालो, "बाबा, तबेल्यात चाला. इथी त्यायनी पाह्यलं तं घरं जातीन."

"पाहू दे. म्हनूनच तं इथी बसलो."

"पन बावीस घरं..."

"दोन सालापासून तुह्या चुलतभावाच्या हातानं दाढी करून राह्यलो. त्याचा हात नांगऱ्या हाय. कापते लेकाचा." मग म्हणाले, "मले माह्या पोराचा हात पाहिजे."

मी वस्तरा उकळून आणला. साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा धुवायला लागलो तर म्हणाले, "पुरे. हात हाय थो, पितळेचं भांडं नाई." मी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी डोळे मिटले. माझे डोळे भरून येत होते आणि वस्तरा धरलेला असताना ते पुसता येत नव्हते, म्हणून मी दर फटक्याला थांबत होतो. बाबा एकदाही "लवकर कर" म्हणाले नाहीत.

दाढी झाली. तोंडावरून पंचा फिरवून बाबा उठले. गाडीवानांतला एकजण ओरडला, "बुढ्या, पैसे देजो बरं! सायेबाचा मिस्त्री हाय आता थो!"

बाबा वळले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "न्हाव्यापासून न्हावी पैसे घेते काय बे?"

आमच्यात तशी रीत आहे. न्हावी न्हाव्याची दाढी करतो त्याचे पैसे नसतात. दिले-घेतले तर तो परका झाला असं समजायचं. पुढं बावीसपैकी नऊ घरं चुलतभावाकडं गेली आणि तेरा राहिली. पाटलांचं घर राहिलेल्यांत होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बावीसच्या बावीस गेली, असंच बाबाही धरून चालले होते. मिशीवरून हात फिरवत ते गाड्यांकडं निघून गेले, आणि मी वाटी हातात घेऊन लिंबाखाली उभा राहिलो. मजुरी बुडाल्याचा एवढा आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही.